बकासुर, ग्रेंडेल आणि इंग्रजीचा पहिला पाठ

वर्धा-नागपूर मार्गावरच्या केळझरला परंपरा महाभारतातील एकचक्रानगरी मानते. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस असा रतीब खाणाऱ्या बकासुराला भीमाने इथेच मारले, अशी श्रद्धा आहे. या गावातली एखादी मुलगी बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय हा मुख्य विषय घेते, तेव्हा वाङ्मयेतिहासाच्या आरंभीच तिला ‘बेओवुल्फ’ भेटते. राजाच्या सभागृहात रात्री शिरून माणसे खाणारा ग्रेंडेल आणि परमुलखातून येऊन त्याला मारणारा वीर! ही गोष्ट तिला ओळखीची वाटायला हवी. पण वर्गात बकासुराचे नावही निघत नाही. असे का होते?

याचे उत्तर या अभ्यासक्रमाच्या जन्मकथेत आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र शाखा 1894 साली निघाली, केंब्रिजमध्ये 1917 साली. आपल्याकडे मात्र 1835च्या मेकॉलेच्या टिपणानंतर आणि विशेषतः 1857च्या तीन विद्यापीठांनंतर हे वाङ्मय परीक्षेचा विषय होऊन बसले होते. नागपुरात हिस्लॉप कॉलेज 1883 साली व मॉरिस कॉलेज 1885 साली सुरू झाले, पण नागपूर विद्यापीठ 1923 साली आले. तोवर परीक्षा घेणारे विद्यापीठ दूरचे होते. अशा परीक्षेला मोजता येते ते पाठांतर: कालखंड, लेखक, वैशिष्ट्ये. विद्यार्थ्याने घरून काय आणले, हे तिला मोजता येत नाही.

ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून, हातच्या उद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. तो शालेय शिक्षणापुरता होता. महाविद्यालयातला इंग्रजीचा वर्ग त्यापासून अलिप्त राहिला.

कालक्रमाने शिकवणे चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. चॉसर, शेक्सपिअर, वर्डस्वर्थ कोणाच्या मागून कोण आले, हे कळल्याशिवाय पुढचे वाचन अधांतरी राहते. पण तेवढ्यावर अभ्यासक्रम उत्तीर्ण ठरवता येणार नाही.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. एकचक्रेत प्रत्येक घराची पाळी लागते. ब्राह्मणाच्या कुटुंबात ‘मी जातो, तू राहा’ असा वाद होतो. आणि कुंती आपला मुलगा पाठवते. पांडव अज्ञात राहत असल्याने हा पराक्रम कोणाचा, हे गुप्त ठेवावे लागते. बेओवुल्फ मात्र कीर्तीसाठीच समुद्र ओलांडतो; त्याच्या पराक्रमाचे मोल भर सभेत दानाने होते. एका कथेत नाव लपवायचे आहे, दुसरीत गाजवायचे. हा फरक ज्या विद्यार्थिनीला स्वतः सापडला, तिला वीरकाव्य म्हणजे काय ते कळले. पाच वैशिष्ट्यांची टीप तिला घोकावी लागणार नाही.

असे वाचन आपल्याकडे नवे नाही. अकोल्यात शिकून डेक्कन कॉलेजात गेलेल्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणले. परक्या कृतीला आपल्या भाषेत जागा करून देताना दोन्ही बाजूंची पारख करावीच लागते.

2020च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘मेजर’ हा शब्द आला, श्रेयांक आले. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करणाऱ्यांनी आता प्रश्नपत्रिकेत एवढा एक प्रश्न घालून पाहावा: ‘तुमच्या गावातली एक कथा घ्या आणि अभ्यासलेल्या कृतीशी तिची तुलना करा.’ केळझरच्या मुलीला त्याचे उत्तर लिहिता आले, तर अभ्यासक्रम उत्तीर्ण समजावा.