मास्ट पेशींचा विकार : निसर्गोपचार कुठवर?

गरम पाण्याने अंघोळ करताच अंगभर पित्त उठते, उन्हातून आल्यावर चेहरा लालबुंद होतो, कालपर्यंत पचलेला पदार्थ आज पोटात मुरडा आणि जुलाब आणतो, मध्येच छाती धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येते. त्वचेचे, पोटाचे आणि हृदयाचे डॉक्टर आपापल्या परीने तपासतात आणि अहवाल बहुधा सामान्य येतात. अशा काही रुग्णांच्या बाबतीत अखेर ‘मास्ट सेल अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम’ हे निदान पुढे येते. तोवर थकलेला रुग्ण निसर्गोपचाराकडे वळला तर नवल नाही.

मास्ट पेशींचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये केले. कणांनी भरलेल्या या पेशी खाऊन पुष्ट झाल्यासारख्या दिसतात म्हणून त्यांना हे नाव पडले. त्वचा, आतडी, श्वसनमार्ग आणि रक्तवाहिन्यांभोवती त्या पहारा देतात. धोका जाणवताच हिस्टामिन, ट्रिप्टेज आदी द्रव्ये सोडतात. या विकारात पहारेकरी क्षुल्लक कारणानेही बिथरतो. तज्ज्ञांच्या प्रचलित निकषांनुसार किमान दोन अवयवसंस्थांत वारंवार झटके येणे, झटक्याच्या वेळी रक्तातील ट्रिप्टेज ठरावीक प्रमाणात वाढणे आणि औषधांनी आराम पडणे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. केवळ लक्षणांच्या यादीवरून हे निदान करणे योग्य नव्हे.

मराठी मुलुखात निसर्गोपचाराची परंपरा भक्कम आहे. महात्मा गांधींनी १९४५ मध्ये पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्यासह निसर्गोपचार न्यास उभारला; त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत आहे. १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे आश्रम स्थापन झाला आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढवला. मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, मालिश, सूर्यस्नान, एनिमा आणि उपवास ही या पद्धतीची ठळक साधने होत.

अडचण नेमकी येथेच आहे. उष्णता, थंडी, तापमानातील अचानक बदल, त्वचेवरील घर्षण आणि शारीरिक ताण हीच मास्ट पेशींना चेतवणारी सर्वपरिचित कारणे आहेत. इतरांना सुखावणारी वाफ किंवा जोरकस मालिश या रुग्णाला झटका देऊ शकते. त्याहून घातक ठरते ती एक समजूत. उपचारांनंतर लक्षणे बळावली की ‘शरीरातील विष बाहेर पडत आहे, थोडे सोसा’ असे सांगण्याची जुनी प्रथा आहे. या विकारात उठलेले चट्टे, उलट्या आणि उतरलेला रक्तदाब हे शुद्धीचे लक्षण नसते. ती मास्ट पेशींची प्रतिक्रिया असते आणि ती पाहता पाहता जिवावर बेतू शकते.

मात्र याच पद्धतीचा दिनचर्येवरील भर उपयोगी आहे. काय खाल्ले, कोठे गेलो, हवा कशी होती, झोप किती झाली, याची रोजची नोंद ठेवल्यास वैयक्तिक कारणे हाती लागतात. आहाराचा मुद्दा गोमंतकात विशेष महत्त्वाचा. बांगडा किंवा ट्यूना पकडल्यावर लगेच बर्फात न ठेवल्यास जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात; ते शिजवून, तळून वा गोठवूनही नष्ट होत नाही. पावसाळ्यासाठी पुरुमेंताला साठवलेली सुकी मासळी, व्हिनेगरमधील लोणची, मद्य आणि शिळे अन्न यांचीही काही रुग्णांना बाधा होते. हिस्टामिन कमी असलेल्या आहाराचे पुरावे मर्यादित आहेत. म्हणून तो दोन ते चार आठवडे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पाळावा आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन पाहावा. वर्षानुवर्षे पथ्य वाढवत नेल्यास कुपोषणच पदरी पडते. दीर्घ उपवासाचा प्रयोग तर टाळलेलाच बरा.

मानसिक ताण हेही एक कारण असल्याने संथ श्वसन, शवासन आणि नियमित झोप यांना जागा आहे. इंदूरची लालबाग असो वा पणजीचे कांपाल उद्यान, सकाळचा फेरफटका हितकरच. फक्त ऊन चढण्यापूर्वी आणि दम लागणार नाही इतपत.

क्वेर्सेटिन या वनस्पतिजन्य द्रव्याचा बराच बोलबाला आहे. प्रयोगशाळेत ते मास्ट पेशींना आवरते. रुग्णांवरील पुरावा तोकडा आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून चार-पाच काढे आणि गोळ्या एकदम सुरू केल्यास त्रास कशाने झाला हेही कळत नाही. एका वेळी एकच वस्तू, तीही डॉक्टरांना सांगून घ्यावी.

उपचारांचा कणा अँटिहिस्टामिन औषधे हाच आहे. गरजेप्रमाणे क्रोमोलिन, माँटेलुकास्ट किंवा ओमालिझुमॅब यांची जोड दिली जाते. निसर्गोपचार केंद्रात दाखल होताना ही औषधे बंद करू नयेत, आणि तशी अट घालणारे केंद्र निवडू नये. घसा आवळणे, श्वास लागणे वा भोवळ येणे ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणे होत. तेथे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार. गोव्यात १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका मागवावी. जीव स्थिरावल्यावर, झटक्यापासून चार तासांच्या आत ट्रिप्टेजसाठी रक्ताचा नमुना घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी. लक्षणे पूर्ण शमल्यावर किमान एक दिवस उलटू देऊन दुसरा नमुना दिला की दोन्हींची तुलना करता येते.