इशारा कोणासाठी? कालबैशाखीच्या अभ्यासाचा इतिहास

दरवर्षी फेब्रुवारी सरताना भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. बातम्यांत त्यातली एकच ओळ ठळक होते: उन्हाळा सरासरीपेक्षा किती कडक असेल. याच तीन महिन्यांतले दुसरे संकट बातमीच्या तळाशी राहते. बंगाल, झारखंड, बिहार, ओडिशा आणि आसाम या प्रदेशांत हीच उष्णता दुपार कलल्यावर गडगडाटी वादळांचे रूप घेते. बंगालीत या वादळाला ‘कालबैशाखी’ म्हणतात, आसामीत ‘बोरदोईशिला’. ते बहुधा वायव्येकडून चालून येते, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘नॉर्वेस्टर’ हे नाव दिले. आपला वळीव हा त्याचाच धाकटा भाऊबंद.

या वादळांचा अभ्यास कसा होत गेला हे पाहू लागलो की एक प्रश्न सतत समोर येतो. हवामानाचा इशारा आजवर कोणासाठी दिला गेला?

आधी वादळाची घडण पाहू. मार्च-एप्रिलमध्ये छोटा नागपूरचे पठार तापते आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आत शिरतो. हा दमट थर जमिनीलगत साधारण एक ते दीड किलोमीटरपर्यंतच असतो. त्याच्यावरून पश्चिमेकडची कोरडी, उष्ण हवा वाहत असते आणि ती भांड्यावरच्या झाकणासारखे काम करते. त्यामुळे खालची वाफ कित्येक तास वर जाऊ शकत नाही. दुपारच्या तापाने वा वाऱ्यांच्या संगमाने हे झाकण एखाद्या ठिकाणी फुटले, की तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा मेघ उभा राहतो. एक किलो बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. सहा लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. मेघात असे बाष्प लक्षावधी टनांनी असते. पुढे पाऊस कोरड्या हवेतून पडताना काही अंशी वाफ होऊन उडतो, त्याने हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर सोसाट्याने पसरते. घरांची छपरे उडवतो तो हाच वारा.

हे आकलन हाती यायला शंभर वर्षे लागली. सुरुवात झाली ती समुद्रावरून. ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली घडवला, तो नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या चक्रीवादळाने कलकत्ता आणि परिसरात सुमारे ६०,००० बळी घेतले. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. १८६६ आणि १८७१ साली पाऊस हुकला, दुष्काळ पडले. आणि १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाती हवामान विभागाची सूत्रे देण्यात आली. जहाजे आणि धान्य या दोन चिंतांतून या खात्याचा जन्म झाला.

गडगडाटी वादळ या दोन्ही चिंतांच्या बाहेर होते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात संत्र्याएवढ्या गारा पडल्या आणि २४६ माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीतील सर्वाधिक मृत्यूंचा उच्चांक आजही याच घटनेच्या नावावर आहे. अशा संकटाचा इशारा त्या काळी देताच आला नसता, आणि याचा सगळा दोष राज्यकर्त्यांच्या वृत्तीवर टाकता येणार नाही. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस जगते. गडगडाटी मेघ दहा-वीस किलोमीटरचा, आयुष्य फार तर दोन-तीन तासांचे. दूरदूरच्या वेधशाळांच्या दिवसभरातल्या मोजक्या नोंदींतून तो सहज निसटत असे. शिवाय त्याचे मर्म जमिनीवर नसून वरच्या हवेत होते, आणि वरच्या हवेत पोहोचण्याचे साधन नव्हते.

ते साधन आग्र्यात आकाराला आले. तिथे १९१४ साली ऊर्ध्व हवेच्या निरीक्षणांची वेधशाळा उभी राहिली आणि उपकरणे बांधलेले फुगे आकाशात जाऊ लागले. या मोजमापांना सैद्धान्तिक चौकट देण्यात विभागाचे महासंचालक चार्ल्स नॉर्मंड यांचा वाटा मोठा आहे. वरवर स्थिर भासणाऱ्या हवेतही वादळाची ऊर्जा सुप्त असू शकते, हे त्यांनी १९३८ साली मांडले. वर सांगितलेल्या झाकणाचे हेच गणित. बंगालच्या नॉर्वेस्टरांवर विभागाचे तांत्रिक टिपण निघाले १९४४ साली. तो महायुद्धाचा काळ होता आणि पूर्व भारतातल्या धावपट्ट्यांवरून अहोरात्र विमाने उडत होती. वादळे शोधणारे रडार १९५४ साली बसले, तेही कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर. जहाजांनंतर इशाऱ्याचा मान विमानांना मिळाला.

शेतकऱ्याची आठवण या व्यवस्थेला अजिबात झाली नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९३२ साली पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रे निघू लागली. परंतु त्यांचा विषय होता पीक. ते पीक काढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडणारी वीज त्या चौकटीत बसत नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न अगदी अलीकडचा आहे. २००५ साली ‘स्टॉर्म’ हा संशोधन कार्यक्रम आखला गेला. पूर्व आणि ईशान्य भारतातल्या वादळांची खास निरीक्षणे सुरू झाली आणि पुढे शेजारी देशही त्यात आले. त्यांची गरज आपल्याइतकीच होती. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर-सातुरिया भागात आलेल्या टोर्नेडोने सुमारे १,३०० बळी घेतले होते. आज डॉपलर रडार मेघातल्या वाऱ्याचा वेग मोजते आणि विभाग पुढच्या तीन तासांचे तातडीचे अंदाज देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजा टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले आणि ‘दामिनी’ हे ॲप तयार केले. आपल्यापासून वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल, तर ते सावध करते.

तरीही २ मे २०१८ च्या रात्री उत्तर भारतात धुळीच्या आणि गडगडाटी वादळांनी शंभराहून अधिक माणसे मारली. सर्वाधिक मृत्यू झालेल्या जिल्ह्यांत आग्रा अग्रभागी होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरातून वरच्या हवेचा वेध घेतला गेला, त्याच परिसरात लोक झोपेत भिंतींखाली गाडले गेले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ जण मृत्युमुखी पडले. चक्रीवादळाच्या बाबतीत आपण केवढा पल्ला गाठला आहे, तेही शेजारी ठेवून पाहावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ च्या ‘फनी’त ही संख्या शंभराच्या आत राहिली. फरक घडवला तो अचूक अंदाजाने, आणि तितकाच निवाऱ्यांनी, गावोगाव पोहोचलेल्या स्वयंसेवकांनी व वेळेत हललेल्या प्रशासनाने. वीज एका वेळी एकदोघांनाच मारते. त्यामुळे तिच्या बळींचा आकडा मोठा असूनही शोक विखुरलेला राहतो, आणि विखुरलेल्या शोकाची दखल व्यवस्था उशिरा घेते. ओडिशाने २०१५ साली वीज ही राज्यस्तरीय आपत्ती म्हणून जाहीर केली, हे म्हणूनच महत्त्वाचे पाऊल होते.

भौतिकशास्त्राची एक मर्यादा पुढेही राहणार आहे. नेमका कोणता मेघ कोणत्या शिवारावर कोसळेल, हे चार दिवस आधी सांगता येणार नाही. हाती उरतात ते तास-दोन तास, कधी पाऊण तासच. तेवढ्या वेळात शेतात वाकलेल्या मजूर बाईपर्यंत शब्द पोहोचला पाहिजे, तो तिच्या भाषेत असला पाहिजे, आणि धावत जाऊन आसरा घ्यायला पक्के छप्पर जवळ असले पाहिजे. या तीनपैकी एकही गोष्ट रडार देऊ शकत नाही.

तोवर निसर्गाचा स्वतःचा इशारा सर्वांसाठी खुला आहे. गडगडाट कानी आला, की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकेल इतके वादळ जवळ आलेले असते. झाडाखाली थांबू नये, पाण्यातून आणि मोकळ्या रानातून बाहेर पडावे, पक्क्या घरात जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. जहाजे आणि विमाने यांच्या वाट्याला जो इशारा कधीच आला, तो शेतातल्या माणसापर्यंत पोहोचवणे हे या इतिहासातले राहिलेले काम आहे.