गीतरामायण (ध्वनिमुद्रिका-संच)

ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली आणि त्यांचाच आवाज असलेला छप्पन्न गीतांचा संच. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (एचएमव्ही) या छापाने १९६५ मध्ये तो दहा एलपी तबकड्यांवर बाजारात आणला. पुढे त्याच्या कॅसेटी निघाल्या, मग सीडी, आणि आता तो मोबाइलवर ऐकला जातो. मराठी सुगम संगीतातला इतका मोठा आणि इतक्या वेळा नव्या वेष्टनात आलेला दुसरा संच सहज आठवत नाही. कुश-लवांनी रामापुढे रामायण गायला उभे राहण्यापासून वाल्मीकींनी त्यांना दिलेल्या निरोपापर्यंतची कथा त्यात क्रमाने येते. कथेतल्या पात्रांनीच ती आपापल्या तोंडून सांगायची, अशी रचना आहे. रामजन्माचे गीत त्यात सहावे.

संचाची पुनरावृत्ती म्हणताच एक घोटाळा होतो, तो आधी सोडवलेला बरा. लोक ज्याला ‘ओरिजिनल गीतरामायण’ म्हणतात ते १९६५ चे मुद्रण मुळात दुसरे आहे. पहिले रेडिओवरचे. पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला एक नवे गीत प्रसारित होई. गीते वर्षभराची, म्हणजे बावन्न व्हायची. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, वर्ष तेरा महिन्यांचे झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत संख्या छप्पन्नावर गेली. आज सर्वांना पवित्र वाटणारा हा आकडा पंचांगाने ठरवला, कवीने नव्हे. पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून हरवला आणि माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घ्यावे लागले, अशी हकीकत सांगतात. दर आठवड्याला घड्याळाशी शर्यत असलेल्या कामात ती अशक्य वाटत नाही.

रेडिओवर पात्रागणिक आवाज वेगळा होता. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, बबनराव नावडीकर, गजानन वाटवे, राम फाटक, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर, चंद्रकांत गोखले अशी ती नामावळ आहे. साथीला प्रभाकर जोगांचे व्हायोलिन होते. सीतेचे दुःख बाईच्या गळ्यातून येई आणि शेजारी रामाचा स्वर पुरुषाचा असे. ते एक श्राव्य नाटकच होते. एचएमव्हीने तबकड्या काढल्या तेव्हा सगळी पात्रे फडके एकटेच गायले. कौसल्या, कैकेयी, शूर्पणखा, सीता, हनुमान, रावणाच्या दरबारातली माणसे, सगळे त्याच एका गळ्यात. याचे बीज १९५८ पासून त्यांनी रंगमंचावर सुरू केलेल्या एकट्याच्या कार्यक्रमात आहे. मराठी श्रोत्याने नाटक सोडून कीर्तन स्वीकारले, असे या बदलाचे वर्णन करता येईल, कारण कीर्तनकारही एकटाच सगळी पात्रे उभी करतो. हा बदल फायद्याचा ठरला. एकाच आवाजामुळे संच एकजिनसी झाला, आणि कुठलेही गीत कानी पडले तरी ते ‘गीतरामायणातले’ हे पहिल्या ओळीलाच ओळखू येऊ लागले. पण त्यामुळे मूळ बहुआवाजी रूप मागे पडले आणि त्याची उणीव भासेनाशी झाली, तेही तितकेच खरे.

नांदेड-लातूरच्या श्रोत्यापुरता हा घोटाळा आणखी घट्ट आहे. मालिका चालू असताना हा भाग हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे शेवटचे गीत प्रसारित झाल्यावर साडेसहा महिन्यांनी. लातूर तर तेव्हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातला तो एक तालुका होता, आणि स्वतंत्र जिल्हा व्हायला ऑगस्ट १९८२ उजाडावा लागला. पुणे केंद्र तेव्हा नवेच, १९५३ चे. सकाळी पावणेनवाच्या सुमारास मध्यम लहरींवर निघालेले प्रसारण साडेतीन-चारशे किलोमीटरवर स्वच्छ पोहोचणे कठीण. मध्यम लहरी रात्री दूर जातात, दिवसा नाही. पुण्या-मुंबईच्या आठवणींत ‘रेडिओला हार घालून बसलेली माणसे’ हमखास येतात. गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकच्या पंचवटीपाशीही त्या असतील. त्याच नदीवर पुष्कळ खाली असलेल्या नांदेडात हे प्रसारण ऐकलेली माणसे मोजकीच असणार. इथल्या बहुतेकांपर्यंत गीतरामायण आधी पुस्तकातून पोहोचले. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते ३ ऑक्टोबर १९५७ ला, विजयादशमीला, छापले. मग ते तबकडीतून आले. म्हणून इथे ‘पहिले गीतरामायण’ म्हणजे फडक्यांचेच. परभणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर मराठवाड्याला स्वतःच्या आकाशवाणीवरून मराठी गाणी नियमित मिळू लागली, तोवर तबकड्यांनी आपले काम केलेले होते.

मराठवाड्याला मराठीतून रामकथा ऐकण्याची ओळख नव्याने करून द्यायची नव्हती. एकनाथांचे भावार्थ रामायण पैठणचे. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत नाथांनी लिहिले आणि पुढचे त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले. रामदासांचे जांब जालना जिल्ह्यात. भावार्थ रामायणाचे पारायण अनेक गावांत चालत आलेले आहे. त्यामुळे १९६५ चा संच इथे आला तो पारायणाच्या शेजारी बसायला. पारायणाला वाचणारा लागतो, अर्थ सांगणारा सूचक लागतो, ऐकणारे लागतात. तबकडीला फक्त वीज लागते, आणि ती कधीकधी नसे, एवढीच अडचण.

दहा एलपी म्हणजे वीस बाजू. छप्पन्न गीते त्यांत भरायची तर एका बाजूला सरासरी तिनाला थोडी कमी. त्याआधीच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखी तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात यातले एक गीतही धड बसले नसते. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी एलपी आली नसती तर हा संच निघालाच नसता. एवढा संच आणि वर रेकॉर्ड प्लेअर घेणे सामान्य घराच्या आवाक्यात नव्हते. वाचनालय, शाळा, देवस्थान, एखादा वकील किंवा डॉक्टर असे त्याचे मालक. बाकीच्यांनी ऐकले ते मंडपातल्या भोंग्यावरून. रामनवमीला सकाळपासून तबकड्या एकामागून एक लागत. बारा वाजता जन्माची वेळ, त्या मिनिटाला गुलाल आणि पाळणा, आणि त्याआधी नेमके सहावे गीत यायला हवे. साउंडवाल्याचे कसब तिथे दिसे. तबकडीवर सुई अलगद हव्या त्या खाचेवर ठेवणे त्यातल्या त्यात सोपे. कॅसेट आल्यावर हा कार्यक्रम अवघड झाला. गाणे कुठे सुरू होते ते फितीवर दिसत नाही. मग पेन्सिल चाकात घालून फीत मागे गुंडाळायची, लावून पाहायची, पुन्हा थोडी पुढे. कीर्तनकार बुवा वेळेच्या पाच मिनिटे आधीच जन्मावर आले, तर सगळा हिशेब मोडायचा.

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली. भारतात तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात. गीतरामायण त्या दशकात खरे घरोघर गेले. त्यातला मोठा भाग विकतच्या कॅसेटींचा नव्हता, उतरवून घेतलेल्या कॅसेटींचा होता. दुकानदाराला कोरी कॅसेट द्यायची आणि संध्याकाळी भरलेली घ्यायची. प्रतीची प्रत, तिची प्रत. दर प्रतीबरोबर फितीची सळसळ वाढते आणि वरच्या पट्टीतले बारकावे गळतात. प्लेअरचे सेल उतरले की आवाज जाड होतो आणि चाल रेंगाळते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खिडकीत राहिलेली कॅसेट तर फीत सोडून देते. एलपीचेही तेच, उभी न ठेवता कलती ठेवली की उन्हाने बशीसारखी वाकते. इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या श्रोत्याच्या कानात बसलेले गीतरामायण बहुधा असे चौथ्या-पाचव्या प्रतीचे, अर्धा सूर उतरलेले आहे. स्वच्छ केलेली प्रत ऐकल्यावर ‘आवाज बारीक का वाटतो?’ असे तो विचारतो ते यामुळे. सूर बहुधा बरोबर असतो. चुकलेली त्याची आठवण असते.

रिमास्टर म्हणजे नेमके काय, हे इथे सांगणे भाग आहे, कारण जाहिरातीत तो शब्द कशालाही लावतात. मूळ मुद्रणाची मास्टर फीत शोधायची, यंत्राचे मुख फितीच्या कोनाशी जुळवायचे, फीत योग्य वेगाने वाजवून डिजिटल प्रत घ्यायची; मग टिकटिक, खरखर, सळसळ कमी करायची, उच्च-नीच स्वरांचा तोल नीट करायचा. गायन-वादनात काही बदलायचे नाही. गायकाचा आवाज वेगळा काढून वाद्ये नव्याने मांडली तर तो रिमिक्स. गाणे पुन्हा गाऊन घेतले तर ते नवे मुद्रण. गीतरामायणाच्या बाबतीत १९६५ चा संच या तिसऱ्या प्रकारातला, आणि कॅसेटपासून पुढच्या त्याच्या आवृत्त्या बहुतांशी पहिल्या प्रकारातल्या किंवा नुसत्या प्रती.

मास्टर फीत नसेल तर विकत घेतलेल्या तबकडीवरून काम करावे लागते, आणि मग सुईने घासलेला आवाज परत आणता येत नाही. बीटल्सचा सगळा ऐवज ९ सप्टेंबर २००९ ला रिमास्टर होऊन आला. त्यावर लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी चार वर्षे घालवली होती, आणि मोनो व स्टिरिओ असे दोन वेगळे संच काढले. अ‍ॅबी रोड आणि एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी आपली ग्रामोफोन कंपनी एकेकाळी एकाच ईएमआय घराण्यातल्या. पण मराठी संचाच्या वेष्टनावर कोणती फीत वापरली, काम कोणी आणि कधी केले, हे सहसा छापलेले नसते. ग्राहक रिमास्टर म्हणून जे विकत घेतो ते अनेकदा फक्त आवाज चढवलेले असते. अतिरेकी आवाज चढवण्याने हळू आणि मोठा यांतला फरक पुसला जातो. गीतरामायणात तर एकाच गीतात कुजबुज आणि गर्जना शेजारी असतात.

सळसळ काढण्याच्या कामात आणखी एक धोका आहे आणि तो या संचाला विशेष लागू पडतो. फितीची सळसळ वरच्या पट्टीत असते, आणि श, ष, स, च, छ यांचे घर्षणही तिथेच. गाळणी जरा कडक लागली की हे वर्ण बोथट होतात. हिंदी चित्रपटगीतात ते खपून जाते, वाद्यमेळ झाकून घेतो. इथे माडगूळकरांची संस्कृतप्रचुर शब्दकळा आहे आणि फडक्यांचा शब्दाशब्दाला जागा देणारा उच्चार. चालीही या उच्चारासाठी केल्यासारख्या. शब्दाचा तुकडा पाडून सूर पुढे गेला, असे अपवादानेच होते. त्यामुळे थोडी सळसळ राहिलेली प्रत गुळगुळीत प्रतीपेक्षा बरी. ज्याला निवड करता येते त्याने आवाजाची झळाळी न पाहता ‘श’ नीट ऐकू येतो का ते पाहावे. भरताच्या समजुतीसाठी रामाने म्हटलेले यमनातले गीत यासाठी चांगली कसोटी आहे.

फडके २९ जुलै २००२ ला गेले; माडगूळकर त्यापूर्वीच, १४ डिसेंबर १९७७ ला. त्यानंतर त्यांचे मुलगे श्रीधर फडके आणि आनंद माडगूळकर यांनी हे गायन मंचावर चालू ठेवले. नांदेडचे कुसुम सभागृह, लातूरचे दयानंद सभागृह अशा ठिकाणी स्थानिक कलाकारही ते करतात, आणि तिथे हळूहळू पात्रागणिक वेगळा गायक ही जुनी पद्धत परत येताना दिसते. स्त्री-पात्रांना स्त्री-आवाज हवा, असे आजच्या आयोजकाला वाटते. रेडिओने १९५५ मध्ये तेच केले होते. या संचाच्या पुनरावृत्त्यांमध्ये सर्वांत मोलाची ठरेल अशी आवृत्ती म्हणजे त्या बहुआवाजी मुद्रणाची, नीट साफ केलेली, कोण काय गायले आणि कोणत्या फितीवरून घेतले ते वेष्टनावर छापलेली. फडक्यांचा संच आणखी चकचकीत करण्यात आता फारसे राहिलेले नाही.

ग्रामोफोन कंपनी १९८० च्या दशकात आरपीजी समूहाकडे गेली आणि २००० पासून सारेगामा झाली. याच कंपनीने २०१७ मध्ये जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आत हजारो गाणी भरलेला ‘कारवाँ’ काढला आणि त्यामागोमाग मराठी कारवाँही आला. म्हाताऱ्या आईवडिलांना भेट देण्याची वस्तू म्हणून तो मराठवाड्यातल्या शहरांतही शिरला. बटण दाबले की गाणे लागते, सुई नको, पेन्सिल नको.

नव्या आवृत्तीचा मार्ग हक्कांवरून जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६५ च्या मुद्रणाचा तो २०२५ च्या अखेरीस संपतो. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र निराळे, आणि सामान्य नियमाने कर्त्याच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे चालणारे. त्या हिशेबाने माडगूळकरांच्या शब्दांसाठी ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत आणि फडक्यांच्या चालींसाठी ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत परवानगी घ्यावी लागेल.