आघाती वायुझोत शीतलन

इलेक्ट्रॉनिक घटकाच्या तापलेल्या पृष्ठभागावर नोझलमधून हवेचा वेगवान झोत सरळ आदळवून उष्णता काढून घेण्याची पद्धत. पृष्ठभागाला समांतर वाहणाऱ्या हवेत सीमास्तर (पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर) जाड होत जातो व तो उष्णतेला अडवतो. झोत आदळतो तेथे हा स्तर अतिशय पातळ राहतो, म्हणून उष्णता संक्रमण वाढते.

प्रवाहाचे तीन भाग मानतात : मुक्त झोत, आघातबिंदूभोवतीचा स्तंभन प्रदेश आणि पृष्ठभागालगत बाहेर पसरणारा भित्तिझोत. आघातबिंदूवरील शीतलन साधारणपणे नोझल पृष्ठभागापासून आपल्या व्यासाच्या सुमारे सहापट अंतरावर असताना सर्वाधिक असते. अंतर कमी व वेग जास्त असल्यास केंद्रापासून सुमारे दोन व्यासांवर उष्णता संक्रमणाचे दुसरे शिखर आढळते. झोताचे वर्तन रेनल्ड्झ अंकाने, तर शीतलनाची परिणामकारकता नसेल्ट अंकाने मांडतात. एच. मार्टिन यांनी १९७७ मध्ये संकलित केलेली सूत्रे अभिकल्पात आजही वापरली जातात.

मोठ्या पृष्ठभागासाठी अनेक झोतांची मांडणी करतात. मात्र वापरलेली हवा आडवी वाहून कडेच्या झोतांना वळवते, म्हणून तिला बाहेर पडण्यास वाट ठेवावी लागते. आयबीएम ४३८१ या संगणकात (१९८३) हीट सिंक बसवलेल्या मोड्यूलांवर असे झोत सोडत. हवा विद्युत् निरोधक असल्याने गळतीचा धोका नसतो. दाबातील घट, पंख्याचा आवाज व धूळ या मर्यादा आहेत. उष्णता फारच जास्त असल्यास द्रव शीतलन वापरतात.