हिरामनची तिसरी शपथ

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात दोनच सिनेमे पाहिले. पहिला ‘संत तुकाराम’ आणि दुसरा ‘तीसरी कसम’. दुसरा आम्ही गावच्या जत्रेत, तंबूच्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला. मी तेव्हा सातवीत होतो. पडद्यावर बैलगाडी आहे, एवढं कळल्यावरच आबा आले.

जत्रेला तमाशाचा फड यायचा. एस. टी. फाट्यापासून गाव तीन मैल. फडाच्या पेट्या, कनाती आबा आपल्या गाडीत आणायचे. बायांना मात्र गाडीत घेत नसत. त्या उन्हातान्हात गाडीमागं चालत यायच्या. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

सिनेमातला हिरामन बिहारच्या पूर्णिया मुलखातला गाडीवान. राज कपूरनं तो केलाय. त्यानं आधीच दोन शपथा घेतलेल्या: चोरीचा माल वाहायचा नाही आणि बांबू लादायचे नाहीत. चोरीचा माल पकडला गेला तेव्हा तो गाडी तिथंच टाकून बैल घेऊन अंधारात पळाला होता. आबा तंबूतच मोठ्यानं म्हणाले, “शाबास! गाडी सुतार करून देईल, बैल कोन देनार?” लोक हसले. बांबूचं तर गाडीवानाला सांगायलाच नको. मागंपुढं बाहेर आलेलं ते ओझं कधी कुणाला लागेल याचा नेम नाही.

मग त्याच्या छपराच्या गाडीत हिराबाई बसते. वहिदा रहमान. नौटंकीत नाचणारी बाई, जत्रेला निघालेली. हिरामन बैलाला मारायला लागतो तर आतून आवाज येतो, मारू नकोस. तिथंच तो विरघळतो. वाटेत तो तिला महुआ घटवारीनची कहाणी सांगतो. सावत्र आईनं सौदागराला विकलेली ती पोर. हिराबाईला त्यात आपलीच गोष्ट दिसते. हिरामन तिला देवीसारखी मानतो; जत्रेत लोक तिच्याबद्दल वाईट बोलतात तर भांडायला उठतो. आपण राहिलो तर याच्या डोळ्यांतली ती देवी एक दिवस मरणार, हे तिला कळतं. त्यानं विश्वासानं ठेवायला दिलेले पैसे स्टेशनावर परत करून ती गाडीत बसते. मागं वळून बघणाऱ्या बैलांवर हिरामन चिडतो आणि तिसरी शपथ घेतो: कंपनीची बाई पुन्हा गाडीत घेणार नाही.

लोक कुरकुरत बाहेर पडले. लग्न लावून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हेच मुंबईत पैसेवाल्यांनीही विचारलं होतं, असं म्हणतात. मूळ कथा फणीश्वरनाथ रेणूंची, ‘मारे गए गुलफाम’. सिनेमाचे संवादही त्यांनीच लिहिले. रेणू त्याच मुलखातले, म्हणून त्यातलं काही खोटं वाटत नाही. सिनेमा काढला गीतकार शैलेंद्र यांनी. हा माणूस आधी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होता. दिग्दर्शक बासू भट्टाचार्य, कॅमेरा सत्यजित राय यांच्या सिनेमांचे सुब्रत मित्र यांचा. शेवट गोड करायला शैलेंद्र तयार झाले नाहीत. १९६६ साली सिनेमा लागला आणि चालला नाही. कर्ज डोक्यावर होतंच. १४ डिसेंबर १९६६ ला शैलेंद्र गेले, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक याच सिनेमाला मिळालं, ते त्यांच्या माघारी.

त्या रात्री घरी येईस्तोवर आबा बोलले नाहीत. बैलांना वैरण टाकताना एवढंच म्हणाले, “शपथ त्यानं घेतली, पर सोडलं तिनं.”

पुढच्या जत्रेला मी त्यांच्याबरोबर फाट्यावर गेलो. पेट्या भरून झाल्या. फडातल्या चार बाया नेहमीप्रमाणं मागं उभ्या राहिल्या. आबा म्हणाले, “बसा बायांनो, बैल तगडे हायेत.” त्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मग बसल्या. वेशीजवळ पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी लाजेनं गाडीतून उतरलो आणि मागं मागं चालू लागलो. आईनं त्या संध्याकाळी गाडी शेणाच्या पाण्यानं धुतली, आणि दोन दिवस आबांशी बोलली नाही. आबांनी पुढची सगळी वर्षं त्या बायांना गाडीतूनच आणलं.

हिरामनची शपथ आबांनी अशी उलटी घेतली. शेवट गोड असता तर आबा तो सिनेमा सकाळी विसरले असते, असं मला वाटतं. शैलेंद्रांना त्या हट्टाची किंमत मोजावी लागली. त्यातलं काही आमच्या गावच्या तीन मैलांच्या रस्त्यावर पोचलं होतं, हे त्यांना कळायला पाहिजे होतं.

मी मात्र त्या दिवशी उतरलो होतो. ते अजून सलतं.