शिबिरातल्या सिस्टरची पेटी



शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, म्हणून मी माझ्या कामाचा इतिहास लिहिते. मी परिचारिका आहे आणि मुलांच्या उन्हाळी शिबिरांना सोबत जाते. मुले ‘सिस्टर’ म्हणतात, आईबाप ‘नर्सबाई’. पेटीत थर्मामीटर, पट्ट्या, चिमटा आणि ओआरएसच्या पुड्या असतात. घरापासून दूर जमलेल्या मुलांना सांभाळायचे हे काम आज सुट्टीचे वाटते. पण त्याची मुळे दुष्काळात आणि साथीत आहेत.

1876-77 साली दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. 1877 च्या उन्हाळ्यात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. त्याच्या मदतीसाठी जोतीराव फुल्यांनी 17 मे 1877 रोजी आवाहन केले. सावित्रीबाई त्या काळात ओतूर-जुन्नर भागातल्या दुष्काळी कामात होत्या.

वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाईंचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगचे प्रमाणपत्र नव्हते. त्या शिक्षिका होत्या.

पुढे 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रुग्णसेवा हे हलके काम समजले जात असताना रमाबाई रानड्यांनी घरंदाज बायकांना या शिक्षणाकडे वळवले. माझ्यासारखीला आज हा पेशा अभिमानाने सांगता येतो, तो त्यामुळे.

पेटीतल्या ओआरएसच्या पुडीची कथाही छावणीतलीच. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत बनगाव येथे कॉलऱ्याची साथ पसरली. सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजवले. शेकडा 30 च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा 4 च्या आत आले. औषध साधे होते. पाजणारा माणूस जवळ हवा होता.

शिबिरात माझे कामही तेच. कोण पाणी पीत नाही, कोणाची लघवी कमी झाली, कोणाचे पोट खरेच दुखते आणि कोणाला आईची आठवण येते, हे ओळखायचे. एक पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात, आणि ते पाणी 24 तासांत संपवायचे किंवा फेकायचे. मूल सुस्त पडले, पाणी पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आपल्या गेवराई तालुक्यात याला जास्त महत्त्व आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुले सहा-सहा महिने आईबापांशिवाय राहतात किंवा फडावर राहून येतात. दुखणे अंगावर काढायची त्यांना सवय लागलेली असते. विचारल्याशिवाय ती सांगत नाहीत.

म्हणून त्वरितादेवीच्या या तलवाड्यातून मुलांची सहल किंवा शिबिर निघेल, तेव्हा सोबत नर्स असू द्या. ती मिळाली नाही तर एका शिक्षकाला तरी हे शिकवून ठेवा. गुरुजनहो, सावित्रीबाईंपासून हे काम तुमच्याच घरातले आहे. शिकवायला मी येईन.