तांदळाचा कोंडा आणि मज्जातंतु

मन खिन्न झालें, स्मरण मंदावलें, हातापायांस मुंग्या येऊं लागल्या, कीं 'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्याचा प्रघात आतां पुष्कळ घरांतून पडला आहे. ह्या गोळीची कथा मात्र औषधांच्या कारखान्यांत नव्हे, तर जावा बेटांतील कोंबड्यांच्या एका खुराड्यांत सुरू होते.

बेरीबेरीनें त्या काळीं पूर्वेकडील देशांत कहर केला होता. पाय प्रथम जड होत, मग लुळे पडत, आणि पुष्कळदां हृदय थकून रोगी दगावे. तो काळ जंतुशोधांनीं भारलेला. म्हणून १८८६ सालीं डच सरकारनें बटाव्हियास मंडळ धाडलें, तें जंतु शोधावयासच. त्याबरोबर गेलेले डॉक्टर आइकमन पुढें तेथेंच राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या एकाएकीं लंगडूं लागल्या आणि कांहीं महिन्यांनीं तशाच बऱ्या झाल्या. चौकशीअंतीं कळलें, कीं मध्यंतरीं त्यांना लष्करी रुग्णालयांतील उरलेला पांढरा भात मिळत असे. नव्या आचाऱ्यानें मुलकी कोंबड्यांस लष्करी भात देण्याचें नाकारलें, आणि त्या चालूं लागल्या! १८९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या फोर्डरमन यांच्या तुरुंगांच्या पाहणींतही तेंच दिसलें: पांढऱ्या तांदळाबरोबर रोग, कोंड्याबरोबर आरोग्य.

तथापि भातांत विष असून कोंडा हा त्यावरील उतारा होय, असेंच आइकमन समजत. त्यांच्यामागून आलेल्या ग्रिन्स यांनीं १९०१ सालीं खरें मर्म सांगितलें: अन्नांत कांहीं वाईट आहे म्हणून नव्हे, तर कांहीं आवश्यक नाहीं म्हणून रोग होतो. तें द्रव्य यान्सेन व डोनाथ यांनीं १९२६ सालीं त्याच शहरीं वेगळें काढलें. १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकांत आइकमन यांस वांटा मिळाला. ग्रिन्स यांस मिळाला नाहीं. १९३६ सालीं विल्यम्स यांनीं तें कृत्रिम रीतीनें बनविलें. हेंच थायमिन, अर्थात् 'ब१'.

पिष्टान्नापासून शक्ति निर्माण करण्यास थायमिन लागतें. मेंदू व मज्जातंतु त्या शक्तीवरच जगतात, म्हणून तुटीचा घाव त्यांवर आधीं पडतो. कोंकणांतील उकडा तांदूळ या कामीं शहाणा म्हटला पाहिजे, कारण उकडतांना कोंड्यांतील सत्त्व दाण्यांत मुरतें. शाकाहारी माणसास 'ब१२' कमी पडण्याचा संभव असतो, आणि तेथें गोळी खरोखरच उपकारक ठरते. परंतु जेथें तूट नाहीं, तेथें अधिक गोळ्यांनीं बुद्धि वा उल्हास वाढेल ही आशा व्यर्थ होय. 'ब६' तर दीर्घकाळ अति घेतल्यास मज्जातंतूंसच इजा करतें. ग्रिन्स यांचा धडा उणीव ओळखून ती भरून काढण्याचा आहे. भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतण्याचा नव्हे.